हौसेला मोल किती?

पगार जमा होतो, घराचा हप्ता, किराणा, शाळेची फी, विमा, गावी पाठवायचे पैसे असे एकेक वजा होते, आणि उरलेल्यातले स्वतःच्या हौसेवर किती घालवावे हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. उत्तरे पुष्कळ आहेत. अर्थशास्त्रज्ञांनी दिली, धर्मग्रंथांनी दिली, सरकारने कराच्या दरांतून दिली, आणि हल्ली मोबाइलवर तर दर अर्ध्या तासाला कुणीतरी देत असते. ती वाचता-ऐकताना माझे एक मत होत गेले, ते आधीच सांगते, म्हणजे पुढच्या आढाव्यात माझा कल कुठे आहे हे वाचकाला ठाऊक असेल. उत्पन्नाच्या किती टक्के, हा हिशेब दुय्यम आहे. उत्पन्न किती भरवशाचे आहे आणि घरात कोणाच्या खर्चाला चैन म्हटले जाते, हे आधी ठरते. आकडा त्यांच्या मागून येतो.

सध्या सर्वांत जास्त फिरणारा आकडा आहे तीस टक्क्यांचा. हातात येणाऱ्या पगारातले पन्नास टक्के गरजांना, तीस हौसमौजेला, वीस बचतीला. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये ‘ऑल युवर वर्थ’ या पुस्तकात हे सूत्र मांडले. वॉरन तेव्हा सिनेटर नव्हत्या, हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवत होत्या. आपल्याकडे सूत्र आले, संदर्भ तिकडेच राहिला. समजा, पुण्यात महिन्याला एक लाख रुपये हातात येणारे घर आहे. घराचा हप्ता ३८,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १६,०००, शाळा १२,०००, वीज-मोबाइल-सोसायटी ७,०००, पेट्रोल ६,०००, विमा ४,०००, आणि गावी आईवडिलांना ७,०००. झाले नव्वद हजार. उरलेल्या दहा हजारांत बचत, आहेर, आजारपण आणि हौस. या घराला तीस हजारांची मौज करायला सांगणे ही थट्टा आहे. शिवाय गावी जाणाऱ्या सात हजारांना त्या सूत्रात स्वतंत्र जागाच नाही. आपल्याकडे तर तो खर्च सर्वांत आधी बाजूला निघतो.

गंमत अशी की वॉरन आणि त्यागी यांना खरी काळजी तिसाची नव्हती, पन्नासाची होती. बांधील खर्च निम्म्याच्या आत ठेवा, म्हणजे नोकरी गेली तरी घर काही महिने उभे राहील, हा त्यांचा मुद्दा. त्याआधी २००३ मध्ये दोघींनी ‘द टू-इन्कम ट्रॅप’ लिहिले होते. अमेरिकी कुटुंबे महागड्या बुटांनी आणि हॉटेलातल्या जेवणांनी बुडतात, हा सार्वत्रिक समज त्यांनी आकड्यांवर तपासला आणि तो टिकला नाही. कपडे, अन्न, घरातली उपकरणे यांवरचा खर्च महागाई वजा करून पाहिला तर आधीच्या पिढीपेक्षा कमीच निघाला. वाढले होते ते घराचे कर्ज, आरोग्यविमा, मुलांचा सांभाळ आणि दुसरी मोटार, कारण नवरा-बायको दोघांना कामावर जायचे होते.

हे वाचताना मला त्याच्या सव्वाशे वर्षे आधीचा एक सरकारी अहवाल आठवतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते आणि वह्या जाळल्या, आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. कुणबी लग्नांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, ही तेव्हाच्या साहेबाची आणि शहरी शहाण्यांची आवडती समजूत होती. चौकशीला नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने लग्नखर्चाची नोंद घेतली, तो अगदीच किरकोळ नाही असेही म्हटले. पण कर्जाचे मूळ क्वचितच तिथे सापडते, असा निष्कर्ष काढला. मूळ होते बेभरवशाच्या पावसात, वाढवलेल्या शेतसाऱ्यात, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाला आलेल्या भावात. भाव होता तोवर सावकाराने हात सैल सोडला, भाव कोसळताच आवळला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा कमी खर्चाच्या लग्नाचा आग्रह १८७३ पासूनचा; पण शेतकरी लग्नांमुळे कर्जबाजारी होतो, हा आरोप मात्र त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खोडून काढला. या दोन भूमिकांत विरोध नाही. साधेपणाचा आग्रह धरावा आणि गरिबीचे खापर हौसेवर फोडू नये, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातले सुपे असो की एकविसाव्यातली अमेरिका, बोट हौसेकडे दाखवले गेले आणि घर बुडाले ते बांधील देण्यांत. हौस डोळ्यांवर येते, हप्ता येत नाही. मध्यमवर्गीय घराला हे कसे लागू पडते ते पाहू. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी पन्नास लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता साधारण ४३,४०० रुपये. साठ लाखांचे घेतले तर ५२,१००. वरच्या दहा लाखांत काय आले? एक जास्तीची खोली, बाल्कनीतून टेकडी, प्रवेशद्वारापाशी कारंजे. त्यासाठी वर्षाला लाखाच्या वर रुपये वीस वर्षे जाणार. दर आठवड्याला दोनदा दोनशे रुपयांची कॉफी पिणाऱ्या मुलीचा वार्षिक खर्च होतो २०,८००. तिला घरी बोलणी बसतात; कारंज्याला कुणी बोलत नाही, कारण ते ‘घर’ या सदरात बसलेले आहे. मोटारीचे मोठे मॉडेल, आंतरराष्ट्रीय म्हणवणारी शाळा, मोबाइलचा वरचा प्रकार, ही आपली खरी चैन गरजेच्या खात्यात नाव लावून बसते. सोन्याचेही तसेच. दागिना घेतला की बचत केली असे आपण म्हणतो, आणि धातूपुरते ते खरेही आहे. पण नक्षीप्रमाणे दहा-बारा टक्के किंवा त्याहून जास्त घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी मोडीच्या वेळी परत मिळत नाही. तेवढी रक्कम सरळ हौसेत लिहावी. तिची लाज वाटायचे कारण नाही, फक्त ती बचतीच्या वहीत नको.

आपण कोणाबद्दल बोलतो आहोत, याचेही भान हवे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. चार माणसांच्या शहरी घराचा सरासरी खर्च महिन्याला अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाला. आर्थिक सल्ल्याच्या पुस्तकांचा वाचक या सरासरीच्या बराच वर राहतो. उत्पन्न वाढले की त्यातला अन्नाचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियन कामगारांचे जमाखर्च पाहून १८५७ मध्ये सांगितले होते. आपल्याकडे हा वाटा अजून शहरात ३९ टक्क्यांच्या पुढे आणि खेड्यात ४७ टक्के आहे. अन्नातही सर्वांत मोठी बाब आहे पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ. शहरात एकूण खर्चाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास, दुधापेक्षा आणि भाजीपेक्षा जास्त. यावर ‘लोक चटावले’ असे अग्रलेख लिहिता येतील. पण याच रकान्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोराचा खानावळीचा डबा आहे आणि बिगारी कामगाराचा टपरीवरचा चहाही आहे.

आता भरवशाकडे येते. माझ्या मते या प्रश्नावर सर्वांत उपयोगी विचार अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडला. माणूस या महिन्यात हातात किती आले ते पाहून खर्च ठरवत नाही, आयुष्यभरात साधारण किती येत राहील या अंदाजावर ठरवतो, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. त्यांचे बाकीचे अर्थकारण ज्यांना पटत नाही त्यांनाही हे उदाहरण पटावे. एकाच तहसील कचेरीत, एकाच पदावर, जवळजवळ सारख्या पगारावर दोन कारकून आहेत. एक ऑक्टोबर २००५ मध्ये लागला, दुसरा त्याच वर्षीच्या डिसेंबरात. महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या भरतीला जुने निवृत्तिवेतन बंद केले. पहिल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता आयुष्यभर मिळणार. दुसऱ्याचे म्हातारपण बाजारात गुंतवलेल्या रकमेवर टांगलेले. आता दुसऱ्यासाठी नवे पर्याय आले आहेत, पण मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले ते याच फरकासाठी. दोघांनी दरवर्षी सहकुटुंब सहल काढली तर पहिल्याची ती हौस आहे आणि दुसऱ्याची जोखीम. पगाराची चिठ्ठी सारखी, म्हणून टक्केवारीचे सूत्र दोघांना एकच उत्तर देणार.

ज्यांना चिठ्ठीच नाही त्यांचे काय? उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते, कांद्याचे पैसे भावावर, नटाचे प्रयोगावर, रिक्षावाल्याचे दिवसावर. अशा घराला महिन्याची टक्केवारी सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी गेल्या वर्षातला सर्वांत पडका महिना धरावा आणि त्या महिन्यातही पेलली असती इतकीच हौस नियमित ठेवावी, असे मला वाटते. चांगल्या महिन्यातल्या वरकड पैशातून वस्तू एकदाच घेता येते. तिच्यामागे दरमहा देणे लागेल असे काही जोडून घेऊ नये. ट्रॅक्टरचे कर्ज फिटायच्या आत मोटारीचे कर्ज उभे राहिलेली घरे साखरपट्ट्यात कुणीही दाखवील.

एकरकमी पैशाची आपल्याकडची कथा म्हणजे गुंठामंत्री. पुण्याच्या कडेच्या गावांत जमिनीचे भाव वाढले, काहींनी एकर-दीड एकर विकले, गळ्यात जाड साखळी आणि दारात मोठी गाडी आली, आणि शहराने त्यांना हे नाव दिले. नावातला हेटाळणीचा सूर मला कधीच आवडला नाही. नोकरदाराने बोनसमध्ये परदेशवारी केली तर कुणी त्याला मंत्री म्हणत नाही. पण नावामागचे अर्थशास्त्र खरे आहे: विकलेली जमीन हे उत्पन्न नव्हते, ती उत्पन्नाची जागा होती. याच पुण्यात मगरपट्ट्याला सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, ती विकून मोकळे होण्याऐवजी कंपनी काढली आणि स्वतः भागधारक झाले. त्यांच्याही दारात गाड्या आल्या असतील, पण त्या येत राहणाऱ्या पैशातून.

मात्र भरवशाचा नियम एकटा धरला तर गरिबाने कधीच हौस करू नये, असा निष्कर्ष निघतो, आणि तो मला मान्य नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे की ग्रीक-रोमनांना लिननच्या सदऱ्यावाचून काही अडले नसेल, पण आपल्या काळातल्या युरोपात रोजंदारीचा माणूसही तसा सदरा नसेल तर चारचौघांत यायला लाजेल. म्हणून सदरा गरजेतच धरायला हवा. महाराष्ट्रात ही गोष्ट याहून धारदार होऊन आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकून द्या, नीटनेटके राहा, असे सांगितले. कर्ज काढून नटा, असे ते म्हणत नव्हते. पण ज्यांना चांगले नेसण्याची मुभाच नव्हती त्यांच्या चांगल्या लुगड्याला चैन म्हणणे हा अन्याय आहे, हे त्यात होतेच. पुढे स्वतः बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. पैशाची ओढाताण असलेल्या माणसाचा तो खर्च कोणत्याही सल्लागाराने नापास केला असता.

सरकारही गरज आणि चैन यांची यादी करत असते, आणि ती वाचणे उद्बोधक असते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर बारा टक्के कर होता. वर्षभर ओरड झाली, जुलै २०१८ मध्ये तो शून्यावर आला. वातानुकूलन यंत्र आठ वर्षे सर्वांत वरच्या २८ टक्क्यांत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते अठरावर उतरले. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात राहणाऱ्यांना हे शहाणपण आधीच सुचले असते. आता चैनीसाठी चाळीस टक्क्यांचा वेगळा दर आहे आणि ३५० सीसीच्या वरची मोटारसायकल त्यात येते. त्याआधी एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर, हातपिशवीवर, बुटांवर, शर्यतीच्या घोड्यावर, अगदी हेलिकॉप्टरवरही एक टक्का कर विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आहे. ही यादी वाचून बहुतेकांना आपण किती साधे राहतो असे वाटून बरे वाटेल.

तुलना हा या प्रश्नातला सर्वांत चर्चिलेला भाग, आणि म्हणूनच मी तो थोडक्यात आटोपते. अर्थशास्त्रज्ञांपैकी दिखाऊ खर्चावर व्हेब्लेनने १८९९ मध्ये लिहिले, शेजाऱ्याकडे पाहून आपला खर्च ठरतो हे ड्यूझेनबेरीने १९४९ मध्ये, आणि वरच्यांच्या उधळपट्टीने खालच्यांची पट्टी सरकत जाते हे रॉबर्ट फ्रँकने १९९९ मध्ये. लग्नाचे हॉल पाहिले की हे तिघेही पटतात. पण मराठी मध्यमवर्गाने या तुलनेला आपला एक पदर जोडला आहे. सवाईच्या पासवर, दिवाळी अंकांच्या संचावर, नाटकाच्या पहिल्या रांगेवर खर्च केला तर ती अभिरुची. बुलेटवर, वाढदिवसाच्या फलकावर, डीजेवर केला तर तो माज. मला स्वतःला डीजे सोसत नाही. तरीही हौसेची किंमत रुपयांत मोजायला बसल्यावर तिथे जातीचे आणि शिक्षणाचे गुण देणे बरोबर नाही.

टक्केवारीच द्यायची तर जुन्या ग्रंथांनी ती वॉरनबाईंच्या कितीतरी आधी दिली आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात संपत्तीचे पाच वाटे सांगितले आहेत: धर्म, कीर्ती, पुन्हा अर्थार्जन, भोग आणि आप्तजन. हा सल्ला शुक्राचार्य बळीराजाला देतात, तो वामनाला सर्वस्व द्यायला निघालेला असताना. म्हणजे भोगाला पाचवा वाटा ठेव, हे उधळ्याला नव्हे, अति दात्याला सांगितलेले आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थासाठी चार वाटे आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, एक संकटासाठी. वीस आणि पंचवीस टक्के. अमेरिकेतल्या तिसापासून फार दूर नाही. पण हे वाटे व्यापारउदीम करणाऱ्या घराचे आहेत. पगाराच्या घरात ‘कामधंद्यात घालायचे’ निम्मे पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न उरतो. एक गोष्ट मात्र ध्यानात येते: देण्यासाठी जकातीचे अडीच टक्के, दशमांश, दसवंध असे ठरीव आकडे अनेक धर्मांत आहेत, स्वतः उपभोगण्यासाठी असा ठरीव आकडा फार थोड्यांनी सांगितला.

आधुनिक नीतिशास्त्रात याचे कडक उत्तर पीटर सिंगर यांचे आहे. दूर देशातल्या उपाशी मुलाला वाचवता येत असताना चैनीवर खर्च करणे समर्थनीय नाही, असा त्यांचा १९७२ मधला युक्तिवाद बांगलादेशच्या निर्वासितांच्या पार्श्वभूमीवरचा होता. त्याचे तार्किक खंडन अवघड आहे. सूझन वुल्फ यांनी १९८२ मध्ये दिलेले उत्तर तर्कापेक्षा माणसाच्या बाजूने येते: ज्याच्या आयुष्यात सत्कृत्यांखेरीज दुसरे काहीच नाही, ना संगीत, ना स्वयंपाक, ना खेळ, असा संत आपल्याला आदर्श वाटत नाही. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि माझा व्यवहारी तोडगा एवढाच की देणगी हौसेच्या रकमेतून काढू नये. ती हप्त्यासारखी आधी निघावी. नाहीतर दर वेळी आइस्क्रीम आणि आश्रमशाळा यांची झुंज लागते, आणि दोघांचीही चव जाते.

पैसा घालवून सुख किती मिळते, यावर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच काम केले. वस्तूंपेक्षा अनुभव जास्त आनंद देतात, असे व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवले, आणि सहल-कंपन्यांनी ते लगेच उचलले. २०१८ मधल्या एका अभ्यासाने त्याला आवश्यक ती पुरवणी जोडली: हा फरक सुस्थितीतल्यांना लागू पडतो, हात आखडून जगणाऱ्यांना वस्तूंचा आनंद तितकाच किंवा जास्त असतो. ज्या घरात पहिला फ्रीज आला ते घर याची साक्ष देईल. वेळ वाचवणाऱ्या खर्चाने समाधान मिळते, असेही २०१७ मधले संशोधन सांगते. आपल्याकडे हा सल्ला सांभाळून घ्यावा लागतो, कारण आपली वेळ वाचवणारी चैन पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या आणि दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या पोराच्या स्वस्त वेळावर उभी आहे. बाईंचा पगार दरवर्षी आपल्या पगाराच्या प्रमाणात वाढत नसेल तर ती हौस आपण नव्हे, त्या पुरवत असतात.

किती या प्रश्नाला केव्हा हा प्रश्न चिकटलेला आहे, आणि जुन्या व्यवस्थेची ताकद तिथे होती. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी एवढ्याच वेळी कापड आणि सोने; पंचांग हीच खर्चाची मर्यादा. ऑनलाइन सेलला मुहूर्त लागत नाही, तो चालूच असतो. भिशीही अशीच सुंदर युक्ती आहे. बारा जणी दरमहा दोन-दोन हजार टाकतात, वर्षात एकदा चोवीस हजार एकदम हातात येतात, आणि त्यांचा पैठणीवर खर्च झाला तर कुणी विचारत नाही, कारण ते ‘भिशीचे’ असतात. किव्हेट्झ आणि सायमनसन या अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रयोगातून दाखवले की काही माणसे रोख रकमेपेक्षा आधीच ठरवून ठेवलेले चैनीचे बक्षीस पसंत करतात, कारण रोख मिळाले तर ते हौसेवर जाणार नाही हे त्यांना ठाऊक असते. आपल्या आयांना हे शिकवावे लागले नव्हते. भिशीत पैसे आधी, वस्तू नंतर. हप्त्यावरच्या मोबाइलचे उलट. ‘बिनव्याजी’ हप्त्याचे व्याज कुठेतरी असतेच, रोखीची सवलत गेलेली असते किंवा प्रक्रिया शुल्क लागलेले असते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना परिपत्रक काढून सांगितले होते. म्हणून माझा एक नियम आकड्याशिवायचा आहे: हौस साठवून करावी, फेडून नव्हे.

आणि शेवटी, किंवा खरे तर सर्वांत आधी, ती करायची कोणी? राज्यात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांच्या खात्यात येऊ लागले. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीला ती जड आहे, हे आक्षेप रास्त आहेत. पण चहाच्या टपरीवर जास्त ऐकू आला तो वेगळाच आक्षेप: बायका त्यातून साड्या आणि पावडरी घेतात. टपरीवर बसून रोज चहा-तंबाखूवर होणाऱ्या खर्चाची बेरीज तिथे कुणी केली नाही. नोकरदार घरांतही हेच सभ्य भाषेत चालते. त्याच्या नव्या लॅपटॉपला कामाची गरज म्हणतात, तिच्या कथकच्या क्लासला छंद. मुलाच्या क्रिकेट किटला करिअर, मुलीच्या केसांना खर्च. टक्केवारी कितीही शास्त्रशुद्ध काढली, तरी ती घरातल्या कुणा एकाच्याच गरजा गरजा म्हणून धरून काढलेली असेल तर तो हिशेब चुकीचाच.

वरच्या पुण्याच्या घराकडे दहा हजार उरले होते. मी त्या घरात असते तर पाच संकटाच्या खात्यात गेले असते, एक हजार आहेर-देणगीला, आणि राहिलेल्या चारात नवरा, बायको आणि शाळेतले पोर यांना हजार-हजार, चौथा हजार सगळ्यांच्या मिळून एखाद्या गोष्टीला. सासूबाई घरी असतील तर तो चौथा हजार त्यांचा, सहलीचे पुढे पाहू. ज्याच्या हातात हजार पडले त्याला कुणी हिशेब विचारायचा नाही, शिल्लक कुणी परत मागायची नाही, आणि पगार वाढला तर हा आकडा त्याच वर्षी वाढवायचा नाही. वाढ टिकली तर पुढच्या वर्षी बसून ठरवायचे, कर्ज एखाद्या लाखाने आगाऊ कमी केल्यानंतर.